किबुत्झवरची प्रेमकथा: जाणाऱ्यांपेक्षा राहणाऱ्यांकडे बघा

तुमच्या पटकथेबद्दलच्या प्रश्नाचा गाभा असा: १९७२-७३चा काळ, इस्रायलच्या नेगेव वाळवंटातला एक काल्पनिक किबुत्झ, म्हणजे सगळे सामाईक असलेली शेतीची वसाहत, तिथे काही महिने राबायला आलेले ब्रिटन, स्वीडन, पश्चिम जर्मनी आणि अमेरिकेतले पाच-सहा तरुण. त्यांतली एक इंग्रज मुलगी किबुत्झवरच लहानाचा मोठा झालेल्या एका मुलाच्या प्रेमात पडते. पूर्वार्ध हसवतो, उत्तरार्ध ढेपाळतो. मग शेवटाकडे युद्ध आणून नायकाला मारावे का? आणि एखादे मराठी पात्र घातले तर ते ओढूनताणून आणल्यासारखे वाटेल का?

युद्धाकडे आणि मराठी पात्राकडे पुढे येतो. आधी उत्तरार्ध का ढेपाळतो ते पाहू. दुसऱ्यांच्या पटकथा वाचून त्यांची डागडुजी करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि परक्या मुलखात गेलेल्या तरुणांच्या प्रेमकथा बहुतेक एकाच जागी मोडतात. लेखक पाहुण्यांसोबत येतो, पाहुण्यांसोबत हसतो आणि त्यांच्याबरोबरच विमानतळावर पोचतो. पण पाहुण्याच्या खिशात परतीचे तिकीट पहिल्या प्रसंगापासून असते. फार तर त्याचे मन मोडेल. त्याचे घर, त्याचे गाव, त्याच्या माणसांतले त्याचे स्थान यांपैकी काहीच पणाला लागलेले नसते. तुमच्या कथेत सगळे पणाला लागले आहे ते त्या मुलाचे, त्याच्या आईचे, आणि त्याला पाळण्यापासून ओळखणाऱ्या तीन-चारशे माणसांचे. विनोद पाहुण्यांना द्या, नाट्य राहणाऱ्यांना द्या. तुमची पटकथा उभी राहील तर याच पायावर राहील, असे माझे ठाम मत आहे.

हा पाया बाहेरून आणावा लागत नाही, किबुत्झच्या रचनेतच तो आहे. पहिला किबुत्झ, देगानिया, १९१० साली गॅलिली सरोवराच्या दक्षिण टोकाला वसला. तुमच्या कथेच्या काळात शेती, गोठा, गाड्या सगळे सामाईक. पगार नाही. जेवण एकाच भोजनगृहात, कपडे एकाच धुलाईघरात, आणि बहुतेक किबुत्झांत मुले रात्री आईबापांजवळ न झोपता बालगृहात झोपणारी. मजुरीवर माणसे ठेवायची नाहीत हे तत्त्व, जरी ते सगळीकडे सारखे पाळले गेले नाही. जून १९६७च्या युद्धात पुरुष सैन्यात गेले, कामे खोळंबली, तेव्हा जगभरातून तरुण मदतीला धावले. सुरुवातीला त्यांत ज्यू तरुण पुष्कळ होते, पण थोड्याच काळात बिगरज्यू तरुणांचा ओघ लागला. अभिनेत्री हेलन मिरेन १९६७ साली हाओन किबुत्झवर राबली, विनोदवीर जेरी साइनफेल्ड सोळाव्या वर्षी सार किबुत्झवर होता. मोबदला म्हणजे राहायला जुनी लाकडी घरे, जेवण आणि थोडा हातखर्च. ज्या समाजाने मजूर ठेवायचे नाहीत असे ठरवले होते त्याला बिनपगारी हात मिळाले, आणि ज्यांना घर सोडून कुठेतरी जायचेच होते त्यांना जागा मिळाली. या व्यवहारात दोन्हीकडे खरा आदर्शवाद होता आणि दोन्हीकडे सोयही होती. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला या दोन्ही गोष्टी दिसायला हव्यात.

याच विषयावर लुईस गिल्बर्टने १९८५ साली इंग्रजीत 'नॉट क्वाइट जेरुसलेम' हा चित्रपट केला होता, पॉल केम्बरच्या नाटकावरून. तो बघा, पण त्याच्या वाटेने जाऊ नका. त्यातली गंमत बाहेरून आलेल्यांच्या घोळक्याची आहे. तुमच्याजवळ त्याहून खोल जाण्याची संधी आहे.

आता विनोद. तुमचा पूर्वार्ध हिब्रू न समजल्यामुळे होणाऱ्या गोंधळावर चालतो. तो गोंधळ एकदा हसवतो, चौथ्यांदा कंटाळा आणतो. विनोद कामावर न्या. रोज संध्याकाळी भोजनगृहाच्या फलकावर दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी लागते. ती यादी करणारा माणूस, सदरान अवोदा, हे तुमच्या चित्रपटातले सर्वांत उपयोगी विनोदी पात्र आहे. दोघा प्रेमिकांना एकत्र पीचच्या बागेत पाठवायचे, की एकाला पहाटे चारला कापसात आणि दुसरीला भांडी धुण्याच्या यंत्रावर, हे त्याच्या पेन्सिलीवर ठरते. त्याला खलनायक करू नका. तो दमलेला माणूस आहे. त्याला रोज माणसे कमी पडतात, रोज कोणीतरी येऊन त्याच्याशी भांडते, आणि त्याला प्रेमप्रकरणात काडीचा रस नाही. प्रेमिकांना मात्र त्याच्या प्रत्येक फेरफारात काहीतरी अर्थ दिसतो. यातून निघणारा विनोद कोणाची टिंगल न करता निघतो.

जाता जाता एक दुरुस्ती: तुम्ही केळीची बाग घातली आहे. ती नेगेवमध्ये नको, केळी किनाऱ्यावर आणि जॉर्डनच्या खोऱ्यात होतात. नेगेवसाठी गहू, कापूस, पीच, आणि कोंबड्यांची खुराडी. ट्रकमध्ये भरण्यासाठी रात्री कोंबड्या पकडायच्या असतात तेव्हाचा धुरळा, पिसे आणि आरडाओरडा हा प्रसंग लिहाच. भोजनगृहात प्रत्येक टेबलावर खरकटे टाकायचे एक भांडे असते, त्याला कोलबोयनिक म्हणतात. नव्याने आलेला मुलगा ते वाढपाचे भांडे समजून त्यात चमचा घालतो, एवढा एक प्रसंग तुमच्या चार पानांच्या भाषिक विनोदाची जागा घेईल.

तुमची नायिका लंडनहून येते ती स्त्रीपुरुष समतेच्या नव्या विचारांनी भारलेली. तिने ऐकलेले असते की किबुत्झमध्ये बायका ट्रॅक्टर चालवतात. तिथे पोचल्यावर तिला दिसते की स्वयंपाकघर, धुलाईघर आणि बालगृह इथे बहुतेक बायकाच आहेत, आणि तिचीही नेमणूक स्वयंपाकघरातच होते. हे खरे घडत होते, आणि किबुत्झमधल्या बायकांनाही ते सलत होते. नायिकेची चिडचिड आधी विनोदी असू द्या. मग त्या मुलाची आई, जी तरुणपणी शेतात काम करायच्या स्वप्नाने आली आणि पुढची सगळी वर्षे इस्त्रीच्या टेबलापाशी उभी आहे, तिच्याकडे ही चिडचिड पोचू द्या. त्या दोघींमधला पहिला खरा संवाद मुलावरून न होता या कामावरून व्हावा.

धुलाईघरात आणखी एक गोष्ट तुमची वाट पाहते आहे. प्रत्येकाच्या कपड्यांवर क्रमांक शिवलेला असतो, त्यावरून धुतलेले कपडे ज्याच्या त्याच्या खणात जातात. त्याचा सदरा तिच्या अंगावरून धुवायला आला, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या किबुत्झला कळलेले असेल. चाळीत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. तुमच्या मसुद्यात प्रेम उघडकीला येते ते दोघांना कोणीतरी चोरून पाहते म्हणून. त्याऐवजी आईच्या हातात तो सदरा येऊ द्या. ती क्रमांक वाचते, घडी घालते आणि मुलाच्या खणात ठेवते. पुढचे तीन प्रसंग ती काहीच बोलत नाही.

तो मुलगा परकीय मुलीकडेच का ओढला जातो, याचे कारण तुम्ही 'ती वेगळी होती म्हणून' एवढेच दिले आहे. त्याहून ठोस कारण हाताशी आहे. बालगृहात एकत्र वाढलेली मुले मोठेपणी एकमेकांच्या प्रेमात जवळजवळ पडतच नाहीत. जोसेफ शेफर या समाजशास्त्रज्ञाने १९७१ साली किबुत्झमध्ये वाढलेल्यांच्या २,७६९ लग्नांचा अभ्यास मांडला. लहानपणाची पहिली वर्षे अखंड एका गटात घालवलेल्यांनी आपसांत लग्न केल्याचे त्यात जवळजवळ आढळलेच नाही. कारणांबद्दल पुढे वाद झाले, पण पटकथेसाठी चित्र पुरेसे स्पष्ट आहे. ज्या मुलींबरोबर तो वाढला त्या त्याला बहिणींसारख्या आहेत. दर उन्हाळ्यात बसमधून उतरणाऱ्या अनोळखी मुली हेच त्याचे जग. आणि दर हिवाळ्यात त्या निघून जातात. तुमच्या नायकाने हे आधी दोनदा तरी भोगलेले असू द्या. त्यामुळे सुरुवातीला तो तिच्याशी तुटक वागेल, आणि त्या तुटकपणाचे कारण तिला मध्यंतरापर्यंत कळणार नाही. तुमच्या प्रेमकथेत ताण हवा होता ना, तो इथे आहे.

आता अडथळा. तुम्ही आईचा विरोध हा एकच अडथळा ठेवला आहे, तोही 'आपल्यातली नाही' या एका वाक्यावर. कायदा त्याहून कितीतरी नाट्यमय आहे. इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नाही, ज्यूंची लग्ने रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, अधिकारात. नायिका ज्यू नाही, म्हणजे देशात हे लग्न होऊच शकत नाही. एक वाट म्हणजे सायप्रसला जाऊन लग्न करायचे. एका ज्यू पुरुषाने आणि बेल्जियमच्या ख्रिस्ती स्त्रीने सायप्रसला केलेल्या लग्नाची नोंद करून घ्यावी असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिला होता. दुसरी वाट धर्मांतराची. इथे नीट बघा: हा किबुत्झ निधर्मी आहे, नायक आयुष्यात सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळी, गेलेला नाही. नायिकेला मात्र रब्बीसमोर सांगावे लागणार की ती शाब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिन, पाळेल, आहाराचे नियम पाळेल, आणि राहणार कुठे, तर जिथे यातले काहीच कोणी पाळत नाही तिथे. ती प्रामाणिक मुलगी आहे, खोटे कसे बोलेल? आणि तो तिला खोटे बोलायला सांगू शकेल का? या एका पेचातून विनोदाचा प्रसंगही निघतो आणि दोघांचे पहिले मोठे भांडणही.

१९७० साली तर हा प्रश्न देशभर पेटला होता. नौदल अधिकारी बेन्यामिन शालिट यांची पत्नी बिगरज्यू. मुलांची नोंद राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'ज्यू' अशी करावी हा खटला ते सर्वोच्च न्यायालयात जिंकले, आणि लगेच संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ज्यू म्हणजे ज्यू आईचे मूल किंवा धर्मांतर केलेली व्यक्ती असे लिहिले. त्याच दुरुस्तीने ज्यूच्या जोडीदाराला, मग तो कोणीही असो, देशात येऊन राहण्याचा हक्कही दिला. म्हणजे १९७२ साली नायिका तिथे राहू शकते, पण तिची मुले ज्यू मानली जाणार नाहीत. नायकाची आई हे वर्तमानपत्रात वाचत आलेली असेल. ती युरोपातल्या नाझी संहारातून एकटीच जीव वाचवून आलेली असेल, तर तिच्या विरोधामागे द्वेष असण्याची गरजच उरत नाही. तुमच्या गटात एक जर्मन मुलगा आहेच. त्याला तिच्याच धुलाईघरात काम द्या. पश्चिम जर्मनीतले तरुण आपल्या आईबापांच्या पिढीच्या पापाची जाणीव ठेवून १९६१पासून इस्रायलमध्ये सेवेला येत होते, आणि त्यांना घ्यावे की नाही यावर तिथे खडाजंगी झाली होती. तो प्रसंग हसवण्यासाठी वापरू नका. त्या दोघांना बरेच दिवस नुसते शेजारी शेजारी चादरी घडी करू द्या.

मराठी पात्राबद्दल तुम्ही बिचकत विचारले आहे. बिचकू नका, पण ते भारतातून आलेला स्वयंसेवक म्हणून आणू नका. त्या काळात भारत आणि इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंधच नव्हते, ते १९९२ साली जुळले. खरे मराठी माणूस तिथे आधीपासून होते. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायली, १९४८नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले, आणि त्यांतल्या अनेकांची सोय नेगेवमधल्या बेरशेबा, दिमोना अशा गावांत लागली. कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत तीच ही मंडळी. तिथे त्यांच्या वाट्याला काय आले हे तुमच्या कथेशी थेट जोडलेले आहे. भेदभावाला कंटाळून काही कुटुंबांनी १९५१-५२ साली धरणे धरले आणि ती मुंबईला परतली. पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींनी फर्मान काढले की बेने इस्रायलींशी लग्न लावताना त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. त्याविरुद्ध आंदोलन झाले, आणि १९६४ साली सरकार व संसद त्यांच्या बाजूने उभी राहिल्यावर रब्बींना माघार घ्यावी लागली.

म्हणून तुमचे पात्र असे असू शकते: तिशीची, आडनावाच्या शेवटी 'कर' असलेली, दिमोनाहून रोज बसने किबुत्झच्या कारखान्यात मजुरीला येणारी बाई. किबुत्झने मजूर ठेवायचे नाहीत म्हणावे आणि तरी अशा बायका कामाला असाव्यात, हे त्या काळचे वास्तव होते. ती सदस्य नाही, पाहुणीही नाही. इंग्रज मुलीला आल्या दिवसापासून किबुत्झच्या पोहण्याच्या तलावात उतरता येते. हिच्या मुलांना कुंपणाबाहेर थांबावे लागते. हा तलाव तिथल्या राजकारणातही पोचला: तेव्हाचे पंतप्रधान मेनाहेम बेगिन यांनी १९८१ साली किबुत्झवाल्यांना तलाव बाळगणारे लक्षाधीश म्हटले तेव्हा बेरशेबा-दिमोनासारख्या गावांतल्या माणसांना ते मनापासून पटले होते. नायिका तिच्याजवळ रब्बींबद्दल रडायला जाते तेव्हा ही बाई सांगते की माझी आई ज्यू आहे हे मला माझ्याच लग्नाच्या वेळी सिद्ध करायला लावले होते. ती हे हिब्रूत सुरू करील आणि राग आला की मराठीवर येईल. नायिकेला शब्द कळणार नाहीत, तुमच्या प्रेक्षकाला कळतील. पुढे तिच्या घरी एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात, गूळखोबरे घातलेले पोहे आणि फळे, आणि ती नायिकेला बोलावते. अख्ख्या चित्रपटात नायिकेला कोणी आपल्या घरच्या धार्मिक कार्याला बोलावते ते इथेच.

एक गोष्ट तुमच्या मसुद्यात अजिबात नाही: जमीन आधी कोणाची होती. नेगेवमधल्या बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या, अरबांना १९४८नंतर एका ठरावीक पट्ट्यात कोंबण्यात आले आणि १९६६पर्यंत ते लष्करी अंमलाखाली होते. दोघे प्रेमिक संध्याकाळी फिरायला जातात त्या टेकडीवर तुम्ही 'पडके घर' लिहिले आहे. ते घर कोणाचे, हे नायिकेने विचारले पाहिजे. नायकाने उत्तर टाळले तरी चालेल, प्रेक्षकाला टाळणे दिसले पाहिजे. आजचा प्रेक्षक किबुत्झ हा शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने हल्ला केलेले बेएरी, नीर ओझ आणि कफर आझा हे किबुत्झ येतात, आणि त्यानंतर गाझामध्ये मारली गेलेली हजारो माणसे येतात. १९७२ सालच्या पात्रांना हे माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, आणि लिहिताना ते विसरलात तर चित्रपट खोटा होईल.

युद्ध आणा, कारण तुमचा काळच तो आहे. ६ ऑक्टोबर १९७३, शनिवार, योम किप्पूर हा ज्यूंचा उपवासाचा पवित्र दिवस, दुपारी दोनच्या सुमारास इजिप्त आणि सीरियाचा हल्ला. पण नायकाला मारू नका. तो मेला की सगळे प्रश्न सुटतात: लग्न नाही, रब्बी नाही, आईला उत्तर द्यायला नको. लेखकाने स्वतःची सुटका करून घेण्याची ती जागा आहे. युद्धाचा उपयोग वेगळा करा. काही तासांत पुरुष निघून जातात. यादी लावणाऱ्या माणसाच्या फलकावर नावेच उरत नाहीत. गायींचे दूध तर काढावेच लागते. घरून 'ताबडतोब परत ये' अशा तारा येतात. काही स्वयंसेवक निघतात, काही राहतात, आणि आतापर्यंत तुमच्या कथेतला सर्वांत वात्रट मुलगा राहतो की जातो हे तुम्ही ठरवा, त्यावर पूर्वार्धातल्या विनोदाला वजन येईल. नायक महिन्यांनी परततो, धडधाकट, पण तिच्या इंग्रजी विनोदावर त्याला आता हसू येत नाही. तिला आवडलेला मुलगा तोच आहे का, हे तिला नव्याने बघावे लागते.

शेवट किबुत्झच्या सर्वसाधारण सभेत व्हावा. नव्या माणसाला सदस्य करून घ्यायचे की नाही हे सभाच मतदानाने ठरवते, आधी उमेदवारीचा काळ काढावा लागतो. म्हणजे कथा १९७४च्या अखेरीपर्यंत न्या. मतदान तिच्या विरुद्ध जाऊ देऊ नका, त्यात ती पुन्हा बिचारी पाहुणी होते. ते तिच्या बाजूने जाऊ द्या. तोपर्यंत परतीचे तिकीट ही तिची पळवाट होती, होकार मिळाल्यावर ती पळवाट बंद होते आणि पहिल्यांदाच तिचेही काहीतरी पणाला लागते. ती राहते की जाते हे मी सांगणार नाही, पण जे ठरेल ते तिने सभेनंतर नायकाला सांगण्याआधी त्याच्या आईला सांगावे, असे मला वाटते.

नव्याने लिहायला बसाल तेव्हा ही सभा सर्वांत आधी लिहा. बसलेल्या माणसांत कोण हात वर करते, कोण करत नाही, कोण बाजूच्याकडे बघून मग करते, आणि कोण त्या वेळी मुद्दाम बाहेर जाऊन उभे राहते, हे एकेका नावानिशी कागदावर मांडा. पंधरा-वीस नावे निघतील. मग पूर्वार्ध उघडा आणि तपासा की यांतली किती माणसे तिथे आधीच आली आहेत. जी आलेली नाहीत त्यांच्यासाठी जागा करायला हिब्रूच्या गोंधळाची पाने काढून टाका.